शेपूट किती उरली

जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कुक्सहाफनहून नॉयवेर्क बेटावर ओहोटीत चालत जाता येतं. समुद्र मागे सरतो, तळ उघडा पडतो आणि त्या तळावरून तीनेक तास पाय ओढत गेलं की बेट. आमच्या गाईडच्या हातात काठीऐवजी दाताळं होतं. अर्ध्या वाटेत त्याने ते वाळूत खुपसलं, एक मोठं ढेकूळ उलटं केलं आणि आतून करंगळीएवढा जाड, काळपट तपकिरी किडा काढून तळहातावर ठेवला. "याला दर चाळीसेक मिनिटांनी शी करायला वर यावं लागतं," तो म्हणाला, "म्हणजे खिडकीतून बूड बाहेर काढायचं आणि बाहेर कोण उभंय ते बघायची काही सोय नाही. कधी मासा चावतो, कधी पक्षी. दर वेळी थोडी शेपूट कमी." सगळे हसले. माझ्या लेकीने विचारलं, मग ती परत येते का, पालीची येते तशी? "अंग कड्याकड्यांचं असतं, पण नवीन कडी फुटत नाहीत," तो म्हणाला, "आहे त्यातच भागवायचं." आणि घड्याळात बघून चालायला लागला, कारण पाणी परत भरायच्या आत बेट गाठायचं असतं.

हसले मीही, खोटं कशाला बोलू. पण ते वाक्य डोक्यात अडकलं ते अडकलंच. पुढचा सगळा रस्ता मी खाली बघत चालले, आणि खाली बघितलं की दुसरं काही दिसतच नाही. जिकडे नजर जाईल तिकडे वाळूची वेटोळी, एकावर एक बसलेली, ओली, चकचकीत, आणि प्रत्येक वेटोळ्याच्या जवळपास एक उथळ गोल खळगा. अनवाणी पायाखाली ती मऊसर चुरडली जायची आणि मला दर वेळी कसंतरी व्हायचं, म्हणजे हे कोणाचं तरी शौच आहे हे कळल्यानंतर, आधी तासभर तर मी मजेत तुडवत आले होते. खरं तर ती नुसती धुतलेली वाळू. किडा वाळू गिळतो, कणांना चिकटलेलं शेवाळ, बॅक्टेरिया, कुजकं काय असेल ते पचवतो आणि उरलेली वाळू मागून सोडून देतो, आत गेली होती त्यापेक्षा स्वच्छ. आईला फोटो पाठवला तर डोंबिवलीहून लगेच उत्तर आलं, "एवढ्या कुरडया कोणी घातल्यात वाळत?" खरं काय ते कळवलं, मग अर्धा दिवस तिच्याकडून काहीच आलं नाही.

इकडे याला वाटवुर्म म्हणतात, इंग्रजीत लगवर्म, आणि हा आपल्या गांडुळाच्याच गोतातला. वरून दिसतो तो खळगा तोंडाकडचा आणि वेटोळं शेपटीकडचं. मध्ये 20 ते 40 सेंटिमीटर खोल, इंग्रजी यू अक्षरासारखं बीळ, आणि त्याच्या आडव्या भागात मालक पडलेला. तोंडाकडची बाजू मोकळी नसते, ती वाळूने भरलेली असते. हा खालून खात जातो तशी वरची वाळू घसरत खाली येते आणि म्हणून वर खळगा पडतो. म्हणजे जेवायला कुठे जायला नको, जेवण आपलं आपण डोक्यावर येऊन पडतं. श्वासाचंही तेच. अंगावरून एकामागून एक लाटा काढत हा शेपटीच्या बाजूने पाणी आत ओढतो, पाठीवर दोन्ही अंगांना लालभडक झुपके असतात, 13 जोड्या, त्याच्या गिल्सच त्या, म्हणजे कल्ले, त्यांच्यावरून ते पाणी फिरवतो आणि पुढे तोंडाकडच्या वाळूत घुसवतो. त्याने डोक्यावरची वाळू सैलही होते, एका कामात दुसरं काम. सगळं घरबसल्या. फक्त एकाच गोष्टीसाठी उंबरा ओलांडावा लागतो, तोही उलट्या अंगाने, शेपूट पुढे करून.

आणि तिथेच कोणीतरी टपलेलं असतं.

किडा मी हातात घेतला होता, ते सांगायचं राहिलं. थंड, आणि वाटला होता त्यापेक्षा घट्ट. पुढचा भाग जाडजूड, त्यावर केसांचे बारीक झुबके, मध्ये ते लाल गिल्स (पाण्याबाहेर ते चिकटून बसतात, नुसते रक्ताळलेले डाग दिसतात) आणि मग एकदम बारीक होत गेलेली शेपूट. शेपटीवर ना केस ना गिल्स. आत वाळू भरलेली स्पष्ट जाणवत होती, बोटांनी दाबलं असतं तर करकरली असती. हातावर पिवळट डाग राहिला, तो साबणाने जाईना. घरी आल्यावर वाचत बसले तेव्हा कळलं की हे शेपटीचं प्रकरण लोकांनी फार बारकाईने बघितलंय. या उथळ समुद्रात प्लेस नावाच्या चपट्या माशाची, म्हणजे आपल्या लेपासारखा तळाला चिकटून राहणारा मासा, त्याची पिल्लं वाढतात, आणि त्यांची पोटं फाडून बघितली की वाटवुर्मच्या शेपटीचे तुकडे निघतात. अख्खा किडा नाही, नुसती टोकं. मासा तळाला गपचूप पडून राहतो, वाळू हलली की तोंड घालतो. किडा झटक्यात आत जातो आणि जगतो, पण टोक गेलेलं असतं. कड्यांचा आकडा लहानपणीच ठरलेला, गेलेलं कडं परत येत नाही. मात्र उरलेली कडी थोडी मोठी होतात. हे वाचून मला का कोण जाणे बरं वाटलं. भरपाई नाही, पण काहीतरी.

पण मग तो थांबत का नाही? मासा बाहेर आहे, आज नको, उद्या बघू, असं का नाही? याचं उत्तर जी. पी. वेल्स नावाच्या लंडनच्या प्राणीशास्त्रज्ञाने 1930-40च्या दशकांत काढून ठेवलंय. त्याने या किड्यांना समुद्राच्या पाण्यात काचेच्या नळ्यांमध्ये ठेवलं, त्यांच्या हालचालीने एक काटा हलेल आणि फिरत्या, काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटत जाईल अशी व्यवस्था केली, आणि किडे तासन् तास आपलं चरित्र स्वतःच लिहीत बसले. दर सातेक मिनिटांनी खाण्याची एक उबळ, आणि साधारण चाळीस मिनिटांनी मागे सरकून शौच, मग जोरात पंपिंग, मग परत खाणं. बाहेर काय चाललंय याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही, घड्याळ आतलं आहे. किती आतलं, तर त्याने अन्ननलिकेचा तुकडा कापून नुसता पाण्यात टांगला तरी तो तुकडा एकटाच ठरलेल्या वेळाने उबळ देत राहिला. गिळायला कोणी नाही, वाळू नाही, किडाच नाही, तरी चालूच. मला हे वाचताना थोडं शहारल्यासारखं झालं. इथे धीटपणाचा प्रश्नच नाही, वेळ झाली की जावं लागतं.

आता वासाबद्दल. गाईडने ढेकूळ उलटं केलं तेव्हा वरची दोन बोटं वाळू पिवळसर होती आणि त्याखाली एकदम काळी, डांबरी काळी, आणि तिला सडक्या अंड्याचा वास. बाकीच्यांनी नाकं मुरडली. खाली हवा पोचत नाही, ऑक्सिजनशिवाय जगणारे बॅक्टेरिया सल्फाइड, म्हणजे गंधकाचं संयुग, सोडतात, लोखंडाशी मिळून ते काळं पडतं, इतकं साधं आहे ते. पण त्या काळ्यात किड्याच्या बिळाभोवती तेवढीच एक तांबूस तपकिरी कड होती. हा जे पाणी ओढतो त्यातला ऑक्सिजन तेवढ्या चिखलाला लागतो आणि तेवढंच लोखंड गंजतं. नखाने खरवडून बघितली ती कड, वरवरचा रंग नव्हता, चांगली आतपर्यंत मुरलेली होती. आणि तो वास, तो मी नाक मुरडायच्या आधीच ओळखला होता. दाभोळच्या खाडीकाठी आजोळ आहे माझं. ओहोटीला खाडीचा असाच वास सुटायचा, पोटरीपर्यंत रुतणारा चिखल, त्यावर टुणटुण उड्या मारणारे निवटे, बायका वाकून मुळे काढतायत, आणि संध्याकाळी वारा फिरला की तो वास पार माजघरापर्यंत.

पण मला आठवलं ते मुळे काढणं नाही. त्या घराला तेव्हा संडास नव्हता. पहाटे अंधारात नाहीतर मग रात्री जेवणं झाल्यावर बायका मिळून खाडीच्या अंगाला जायच्या. आजी, आई, मावशी, शेजारच्या दोघी-तिघी, आणि मी सुट्टीत गेलेली शहाणी मुंबईकर, आजीचा पदर धरून. कंदील एकच, तो पण बारीक केलेला, कारण उजेड आपल्याला दिसावा म्हणून कमी आणि आपण उजेडात दिसू नये म्हणून जास्त सांभाळायचा. वरच्या अंगाने गाडीरस्ता होता आणि तिथे एक वळण होतं. रात्रीची एसटी त्या वळणावर आली की तिच्या हेडलाइटचा झोत एकदम खाली खाडीवर फिरायचा, आणि त्याआधी, नुसता इंजिनाचा आवाज आला की, सगळ्या बायका एकदम उभ्या राहायच्या. कोणी काही बोलायचं नाही. रस्त्याकडे पाठ करून, पदर डोक्यावर, ताठ उभ्या. झोत निघून जायचा, बस पुढे जायची, आणि सगळ्या परत बसायच्या. मला तेव्हा तो खेळ वाटायचा. मी सगळ्यांत आधी उठायचे आणि वर हसायचे. एकदा मावशीने असा चिमटा काढला की अजून आठवतोय.

गाईडच्या जोकवर लोक हसले तेव्हा मला ती एसटी दिसली होती. हे जर्मनीत उभं राहून कोणाला सांगणार.

आईला सांगितलं मग. व्हिडिओ कॉलवर, थोडं लाडात येऊन, म्हणजे कसं सगळ्या मिळून जायचात ना तुम्ही, तेवढ्याच गप्पा, तेवढाच काय तो बायकांचा वेळ, असं काहीतरी. अशा गोष्टी हल्ली वाचायला मिळतात आणि छान वाटतात. आईने मला बोलूच दिलं नाही. "गप्पा कसल्या डोंबलाच्या," म्हणाली, "संध्याकाळी पाच नंतर पाणी प्यायचो नाही आम्ही. भाकरी अर्धी. तुझी मावशी पोटुशी होती त्या वर्षी तर रडायची रोज, तिला दाबून धरवायचं नाही. साप तर होतेच, पण सापाचं काय, तो आपल्या वाटेने जातो. माणसं उभी राहायची बघत." मग जरा थांबून, "तुझ्या त्या किड्याला निदान उभं राहावं लागत नाही." मी म्हटलं, आई, त्याला कमी खायचीही सोय नाही. तो वाळू खातो, वाळूत खाण्यासारखं जेमतेम चिमूटभर, म्हणून ढीगभर गिळावी लागते, आणि गिळलेली सगळी बाहेर काढावी लागते. त्याने अर्धी भाकरी खाल्ली तर तो मरेल. तर ती म्हणाली, "मग शेपूट देतो तेच बरं." आणि तिने विषय बदलला, माझ्या भाचीच्या क्लासची फी किती वाढवलीय त्यावर गेली.

किती वाळू, तर एक किडा वर्षाला 25 किलो, असं इकडे सांगतात. चौरस मीटरला वीस-चाळीस किडे असतात, म्हणजे आपल्या घरातल्या एका डबल बेडखाली मावेल तेवढ्या जागेत वर्षाला दीड ते तीन टन वाळू खालची वर होते. हे नसेल तर काय होईल तेही करून बघितलंय. झ्युल्ट नावाचं बेट आहे वर डेन्मार्कच्या सीमेला लागून, तिथल्या क्योनिग्सहाफन नावाच्या खाडीत 2002मध्ये शास्त्रज्ञांनी 20 बाय 20 मीटरचे सहा चौकोन आखले आणि त्यांत 10 सेंटिमीटर खाली बारीक जाळी पुरली. एवढंच. जाळीमुळे किड्यांना खोल बीळ करता येईना, म्हणून ते तिथे राहीनात. हळूहळू त्या चौकोनांतल्या वाळूत बारीक गाळ साचायला लागला, कणांमधल्या फटी बुजल्या, पाणी आरपार जाईना, आत सल्फाइड वाढलं. बाजूला किडेवाली वाळू तशीच मोकळी. म्हणजे हे जे वाळूचं अफाट मैदान आपण निसर्ग म्हणून बघायला जातो ते बऱ्याच अंशी यांच्या पोटातून गेलेलं आहे, आणि पुन्हा पुन्हा जात असतं, म्हणूनच ते वाळूचं आहे. शास्त्रज्ञ याला इकोसिस्टिम इंजिनियर म्हणतात, म्हणजे आजूबाजूची सगळी जागाच बदलून टाकणारा जीव. मला हा शब्द पटत नाही. आमच्याकडे घरटी दोन इंजिनियर आहेत आणि त्यातल्या एकालाही आपल्या कामापायी शेपूट गमवावी लागलेली नाही. याला इंजिनियर म्हटलं की काम दिसतं, पण ते करताना काय जातं ते दिसत नाही. दाभोळकाठच्या त्या बायकांना कोणी खाडीच्या इंजिनियर म्हणालं असतं तर आजीने कंदील फेकून मारला असता.

कौतुक करायचंच तर त्याच्या रक्ताचं करा. ओहोटीत पंप बंद पडतो, बिळातलं पाणी शिळं होतं, आणि तरी हा तासन् तास टिकतो, कारण याचं हिमोग्लोबिन आपल्यासारखं पेशींमध्ये कोंडलेलं नाही, ते रक्तात मोकळंच फिरतं आणि त्याचा रेणू अवाढव्य असतो. आपला एक रेणू ऑक्सिजनचे 4 रेणू धरतो, याचा 156. फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या मोर्ले गावात फ्रांक झाल नावाच्या शास्त्रज्ञाने 2007मध्ये यावरच कंपनी काढली. प्रत्यारोपणासाठी काढलेली किडनी ज्या द्रावात ठेवतात त्यात हे हिमोग्लोबिन घालायचं, म्हणजे ती वाटेत गुदमरत नाही. 2022मध्ये त्याला युरोपात मान्यताही मिळाली. मासे पकडणारे लोक अजूनही याच किड्याला गळाला लावतात, ते वेगळंच.

लेकीला मात्र या सगळ्यापेक्षा पिल्लांची गोष्ट आवडली. शरद ऋतूत ठराविक दिवसांत सगळे एकदम विणीला येतात. नर आपलं बीज वाळूवर सोडतात, ओहोटीला त्याची दुधट डबकी दिसतात, भरती आली की ते पाण्यात पसरतं, आणि मादी नेहमीच्या पंपाने पाणी ओढते तेव्हा तिच्या बिळात जाऊन पोचतं. अंडी तिथेच फळतात, ती घर सोडत नाही. पुढे पिल्लं मात्र घरात राहत नाहीत. ती वाहत जाऊन खोल पाण्याच्या वाटांमध्ये, शिंपल्यांच्या चुऱ्यात, अंगाभोवती चिकट नळी करून हिवाळा काढतात, आणि वसंतात परत वाहत किनाऱ्याच्या अगदी वरच्या अंगाला येतात, जिथे पाणी थोडाच वेळ असतं. तिथे त्यांची बारकी बारकी वेटोळी दिसतात, शिवणाच्या दोऱ्याएवढी. मोठी झाली की खाली सरकतात. "म्हणजे बालवाडी वेगळी," लेक म्हणाली. तिने शाळेसाठी चित्र काढलंय, पाच किडे ओळीने, प्रत्येकाची शेपूट आधीच्यापेक्षा आखूड, आणि प्रत्येकाखाली कोणी खाल्ली ते लिहिलंय. शेवटच्याखाली लिहिलंय, माहीत नाही.

पक्ष्यांत गॉडविट हा यांचा मोठा गिऱ्हाईक, लांब चोचीचा. शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगो बघायला जायचो तेव्हा त्यांच्या पायाशी त्याचे भाऊबंद दिसायचे, काळ्या शेपटीचे; इकडचा तो पट्ट्यांच्या शेपटीचा. यांतले काही हिवाळा आफ्रिकेत मॉरिटानियाला काढतात आणि वीण सायबेरियात तैमिरला, आणि मधल्या मुक्कामाला मे महिन्यात या समुद्रावर उतरून वाटवुर्म खातात. कधी शेपूट हाती लागते, कधी अख्खा किडा. त्या चरबीवर पुढचे हजारो किलोमीटर. हे आईला सांगितलं तर ती हिशोब करत बसली. म्हणाली, "म्हणजे शेपूट सायबेरियाला गेली आणि हा आपला तिथेच चिखलात?" मी म्हटलं, हो. "आणि तिला व्हिसा नाही लागला." आईच्या व्हिसाचं काम अडकलंय, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पासबुकाची झेरॉक्स, माझं निमंत्रणपत्र, आणि एवढं करून फोटो चौकटीत बसत नाही म्हणून परत. आता पुढची तारीख मिळालीय, झालं तर मेमध्येच येईल. बेटापर्यंत तिचे गुडघे साथ देणार नाहीत, पण कुक्सहाफनहून घोडागाड्या निघतात त्या उघड्या तळावर, उंच चाकांच्या, त्यात बसवून जमेल तिथपर्यंत नेईन म्हणते. तिची अट एकच आहे. किडा बघेन, पण हातात घेणार नाही, आणि तो वर आला असेल तर त्याच्याकडे बघत उभी राहणार नाही.